जन्मसालातल्या दहा तबकड्या

मे २०२५ मध्ये वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून मी राज्य शासनाच्या नोकरीतून निवृत्त झाले. तेव्हा माझ्या आतेभावाने, ज्याला घरातले सगळेच दादा म्हणतात, मला एक रेकॉर्ड प्लेयर भेट दिला आणि त्यासोबत एक कामही नेमून दिले. माझा जन्म १९६७ सालचा. त्या एकाच वर्षात प्रसिद्ध झालेल्या अल्बमांपैकी मला सर्वांत आवडणारे दहा मी निवडायचे, त्याने त्याचे दहा निवडायचे आणि वर्ष संपण्यापूर्वी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या. "नुसती नावं नकोत," तो म्हणाला, "घेतली ती का घेतली आणि सोडली ती का सोडली, दोन्ही सांगता आलं पाहिजे."

मी ख्याल ऐकत वाढले. महाविद्यालयात असल्यापासून मी सवाई गंधर्व महोत्सवाला जात आले आहे, तो रमणबागेत भरत असे तेव्हापासून, आणि आईच्या शेजारी बसून ऐकणे हेच माझे संगीतातले शिक्षण. एकच राग तासभर उलगडत जाण्याची कानाला सवय असल्यामुळे अल्बम या गोष्टीचा मी वेगळा असा विचार कधी केलाच नव्हता, आणि म्हणूनच या कामातला खरा पेच माझ्या उशिरा लक्षात आला. आवडती दहा गाणी कोणीही चहा पिता पिता सांगू शकतो. चाळीस मिनिटांचा, दोन बाजूंत विभागलेला, कोणीतरी विचारपूर्वक क्रम लावलेला संपूर्ण ऐवज आपल्याला आवडतो की त्यातल्या दोनच जागा आवडतात, हे ठरवायचे तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा लागतो, आणि एकदा ऐकून भागत नाही.

पहिले पंधरा दिवस अल्बम कशाला म्हणायचे यावरच गेले. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा 'आर यू एक्स्पीरियन्स्ड' इंग्लंडमध्ये मे महिन्यात आला आणि अमेरिकेत ऑगस्टमध्ये. पण दोन्हींतली गाणी सारखी नाहीत, कारण सुट्या तबकड्यांवर आधीच गाजलेली गाणी इंग्रजी आवृत्तीने बाहेर ठेवली आणि अमेरिकी आवृत्तीने आत घेतली. मग यादीत नेमके काय लिहायचे? बीटल्सचे 'मॅजिकल मिस्टरी टूर' अमेरिकेत एलपी, म्हणजे मोठी तबकडी, म्हणून निघाले, तर इंग्लंडमध्ये मिळून सहा गाण्यांच्या दोन छोट्या तबकड्या, म्हणजे ईपी, म्हणून. त्यावर माझ्या भाचीने, जी आमच्या या उद्योगात आपण होऊन सामील झाली होती, फार रास्त प्रश्न विचारला. "मावशी, इंग्लंडच्या दोन छोट्या तबकड्या अल्बम म्हणून चालत असतील, तर आपल्या कपाटातल्या भावगीतांच्या ईपी का नाही चालणार?"

या प्रश्नावर मी दोन रात्री विचार केला, कारण मराठी नाव नसलेली यादी हातात घेऊन बसणे मला जड जाणार होते. पण आमच्या कपाटातल्या ईपी पुन्हा ऐकल्या तेव्हा जाणवले की भावगीत एकटे येते. ते आकाशवाणीवर एकटे लागायचे, माणसे ते एकटेच गुणगुणायची, आणि तबकडीच्या एका बाजूला त्याच्या शेजारी दुसरे कोणते गाणे बसले आहे याच्याशी त्याचे काहीही नाते नसते. त्यातल्या एका गाण्यात दुसऱ्या गाण्याची वाट पाहायला लावणारे काही नाही, आणि ती त्याची उणीवही नाही. म्हणून मी भावगीते बाजूला ठेवली, तेव्हा भाचीला माझे कारण पटले आणि मला स्वतःलाच ते पूर्णपणे पटायला आणखी आठवडा लागला. चित्रपटसंगीताच्या बाबतीत मात्र आम्ही दार उघडे ठेवले, कारण तिथे निदान एक कथा सगळ्या गाण्यांना बांधून ठेवते.

दुसरा प्रश्न वर्षाचा होता. जाझमधला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या चमूचा 'माइल्स स्माइल्स' ध्वनिमुद्रित झाला ऑक्टोबर १९६६ मध्ये आणि बाजारात आला १९६७ मध्ये. संगीत घडले ते वर्ष धरायचे की ऐकणाऱ्यांच्या हाती पडले ते? आम्ही हाती पडल्याचे वर्ष धरले, कारण ऐकणाऱ्याचे वर्ष तिथूनच सुरू होते. हाच नियम संतूर, बासरी आणि गिटारच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'ला लावायला गेलो तर कुठे १९६७ छापलेले, कुठे १९६८. मोबाइलवरच्या संगीताच्या अ‍ॅपवर तर नव्याने काढलेल्या आवृत्तीचेच वर्ष दिसते, त्यामुळे साठ सालची तबकडी नव्वदीतली वाटू लागते. ध्वनिमुद्रण १९६७ चे आहे एवढ्या आधारावर मी ती यादीत घेतली. नियमात मी येथे थोडी सवलत घेतली हे मान्य करते, आणि ती का घेतली हे पुढे येईलच.

तबकड्या मिळवण्यासाठी मी बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊ लागले. तिथे तांब्यापितळेची भांडी, घड्याळे, पाने-स्क्रूड्रायव्हर यांच्या मधोमध ताडपत्रीवर रेकॉर्डी उभ्या लावलेल्या असतात, आणि त्या चाळताना बोटांची टोके काळी होतात. एका रविवारी मला रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट'चे कव्हर दिसले. कडा झिजलेल्या होत्या, पण छायाचित्र स्वच्छ होते. आनंदाच्या भरात मी घासाघीस न करता पैसे दिले आणि आतली तबकडी बाहेर काढून न पाहताच घरी आले. घरी आल्यावर आतून नाट्यपदांचा संग्रह निघाला, तोही मधोमध लांबलचक चरा पडलेला. पुढच्या रविवारी विक्रेत्याने कव्हराचेच पैसे घेतले होते असे शांतपणे सांगितले. तेव्हापासून मी प्रत्येक तबकडी कव्हरातून काढून, उन्हात तिरकी धरून, चरे पाहिल्याशिवाय घेत नाही. जी मिळाली नाही ती मी अ‍ॅपवर किंवा दादाच्या संग्रहातून ऐकली, आणि ऐकण्याच्या दृष्टीने त्याने फार बिघडले नाही.

माझ्या कच्च्या यादीत त्रेचाळीस नावे होती. प्रत्येक अल्बम किमान चार वेळा ऐकायचा, आणि चारांपैकी एकदा तरी दुसऱ्या कोणाच्या सोबत, असे मी ठरवले, कारण शेजारी माणूस बसले की आपण वेगळे ऐकतो. वहीत चार रकाने आखले. पहिल्या तिनांत कधी ऐकले, कुठे लक्ष सुटले आणि कोणती जागा आठवत राहिली हे लिहायचे. चौथ्या रकान्याचा मथळा होता 'आपण होऊन पुन्हा लावली का?' पहिले तीन रकाने मी नोकरीतल्या शिस्तीने भरत गेले. पण जसजसे महिने गेले तसतसे लक्षात येऊ लागले की निवड खरे तर चौथाच रकाना करतो आहे. कित्येक अल्बमांविषयी मी पहिल्या तीन रकान्यांत भरभरून लिहिले होते आणि चौथा कोरा होता. आदर वाटणे वेगळे आणि आवडणे वेगळे, हे बोलताना आपण सहज म्हणून जातो. वहीत ते असे शेजारी शेजारी दिसले की टाळता येत नाही.

'कॉल ऑफ द व्हॅली'चा चौथा रकाना सुरुवातीला कोराच होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा हे तिघे तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते, तबल्यावर माणिकराव पोपटकर होते आणि ध्वनिमुद्रणाची जबाबदारी जी. एन. जोशींकडे होती, ज्यांना आपली आधीची पिढी भावगीत गायक म्हणून ओळखत होती. ही तबकडी इतक्या घरांत, दुकानांत आणि प्रतीक्षालयांत वाजत आलेली आहे की मी ती कधी ऐकलीच नव्हती. ती नुसती कानांवर पडत आली होती. कागदावर ती मला मान्य होती, पण निवडावीशी वाटत नव्हती.

जुलैमधल्या एका संध्याकाळी, बाहेर पाऊस पडत असताना, चौथ्यांदा ऐकायची म्हणून मी ती लावली. ब्रशने तबकडीवरची धूळ काढली, सुई टेकवली, आणि संतूरवर अहिरभैरवाचे पहिले स्वर येतात न येतात तोच आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "अगं, दिवेलागणीला अहिरभैरव काय लावतेस? ते पहाटेचं आहे. बंद कर ते." आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि रागाच्या वेळेबाबत तिची शिस्त कडक आहे. मी बंद केले, आणि सुई पुन्हा जागेवर ठेवताना मला त्या तबकडीचा आराखडा पहिल्यांदाच नीट दिसला.

काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, अशी या अल्बमाची कल्पना आहे. पहिल्या बाजूवर पहाटेचा अहिरभैरव आणि त्यातून निघणारा नटभैरव, मग पिलू. दुसऱ्या बाजूवर संध्याकाळनंतरचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. म्हणजे घड्याळाप्रमाणे क्रम लावलेला आहे आणि तरीही सगळे मिळून चाळीस मिनिटांत संपते. आईच्या शिस्तीप्रमाणे ही तबकडी दिवसाच्या कोणत्याही वेळी लावली तरी तिच्यातला बराचसा भाग अवेळीच वाजणार. मग ती ऐकायची कधी?

मला हा प्रश्न सोडवेना, म्हणून नोव्हेंबरमधल्या एका रविवारी आईच्या संमतीने मी एक प्रयोग केला. पहाटे साडेपाचला, खाली दुधाच्या क्रेट आदळण्याचे आवाज चालू असताना, आम्ही दोघींनी फक्त अहिरभैरव ऐकला आणि मी सुई उचलली. दुपारी जेवणे झाल्यावर पिलू. संध्याकाळी सातनंतर भूप. रात्री नऊला देस, आणि निजण्यापूर्वी पहाडी. प्रत्येक तुकडा आपापल्या वेळेला अतिशय गोड लागला. विशेषतः देसातल्या बासरीवर आईने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. पण दिवस संपल्यावर मला जाणवले की अल्बम हरवला. पिलू संपून तबकडी उलटेपर्यंतची जी अर्धी-पाऊण मिनिटाची शांतता एरवी असते, त्या शांततेत दुपार मावळते. तिथे माझ्या रविवारी सहा तासांचे अंतर पडले होते, त्यात भाजी आली, पाहुणे आले, आणि भूप लागला तेव्हा तो एक सुटा, सुरेख भूप होता. खोऱ्यातली संध्याकाळ मला त्यात दिसली नाही. मैफलीत राग आपला प्रहर घेऊन येतो. या तिघांनी मात्र प्रहरच लहान केले होते आणि एकमेकांशेजारी ठेवून त्यांच्यामधल्या सांध्यांतून दिवस उभा केला होता. मी हे आईला सांगितले तेव्हा तिने थोडा विचार करून म्हटले, "मग ते गाणं म्हणून ऐकू नकोस, चित्र म्हणून ऐक." दुसऱ्याच दिवशी दुपारी मी दोन्ही बाजू सलग लावल्या आणि आईने एकदाही हटकले नाही. त्यानंतर चौथा रकाना भरत गेला.

हा प्रसंग घडला नसता तर इतर कित्येक तबकड्यांपाशी माझे कान पोहोचलेच नसते. 'द वेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' हा अमेरिकी रॉक चमूचा अल्बम पहिल्यांदा ऐकताना मला तो आवाज असह्य झाला होता आणि वहीत मी फक्त 'गोंगाट' असे लिहून ठेवले होते. तिसऱ्या वेळी, हेडफोन लावून ऐकताना, त्या गोंगाटाच्या तळाशी एक अखंड स्वर धरलेला आहे हे ऐकू आले. चमूतल्या जॉन केलचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचाच थोडा मोठा भाऊ, एका स्वरावर ठाण मांडून बसतो, आणि काही गाण्यांत एका गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावलेल्या आहेत. तानपुऱ्यात वाढलेल्या माणसाला त्याहून ओळखीचे दुसरे काय असणार! तो तानपुऱ्यासारखा शांतवणारा नाही, त्याला गंज चढलेला आहे, पण षड्ज आहे. हा अल्बम माझ्या यादीत पाचव्या क्रमांकावर आला आणि दादाला त्याचे माझ्याहून अधिक आश्चर्य वाटले.

एका कलावंताची एकच तबकडी घ्यायची असे आम्ही ठरवले होते, त्यामुळे रविशंकरांच्या बाबतीत मला झगडावे लागले. 'वेस्ट मीट्स ईस्ट'ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, ती गाजली, आणि तिच्यातले सतार-व्हायोलिनचे बोलणे आजही ताजे वाटते. पण तिच्या एका बाजूवर मेन्युहिन आणि त्यांची बहीण हेप्झिबा यांनी वाजवलेला पाश्चात्त्य संगीतकार जॉर्जे एनेस्कूचा सोनाटा आहे. तो स्वतंत्रपणे सुंदर आहे. तबकडी मात्र त्यामुळे शेजार जुळून आलेल्या दोन वेगळ्या घरांसारखी राहते. त्याउलट कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात जून १९६७ मध्ये झालेल्या मैफलीची एलपी त्याच वर्षी निघाली, आणि ती मैफल दुपारची होती व तिच्यात भीमपलास होता. पॉप संगीताच्या महोत्सवात, ज्यांतल्या बहुतेकांनी सतार क्वचितच समोर बसून ऐकली असेल अशा हजारो तरुणांपुढे, रविशंकरांनी वेळेचा राग निवडला. त्यानंतर अल्लारखांचे तबल्यावरचे एकतालातले एकलवादन आणि शेवटी धून. ही तबकडी मी दुपारी तीन वाजता लावली तेव्हा आईने आतून फक्त "हं" एवढेच म्हटले, आणि माझा निर्णय झाला.

काही निवडींना मुळीच वेळ लागला नाही. अरेथा फ्रँकलिनचा 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' पहिल्याच ऐकण्यात आत आला. चोवीस वर्षांची ही मुलगी स्वतः पियानो वाजवत गाते, आणि आरंभीचे ओटिस रेडिंगचे गाणे अशा रीतीने आपलेसे करते की पुरुषाच्या तोंडची मागणी स्त्रीच्या तोंडी आल्यावर तिचा अर्थच पालटतो. एकच चीज दोन घराण्यांत ऐकावी तसे ते आहे. 'माइल्स स्माइल्स' समजायला कठीण होता, पण त्यातला विश्राम मला पहिल्यापासून आवडला.

खरा वाद झाला तो बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'वरून. दादाने ही तबकडी विद्यार्थिदशेत, वसतिगृहाच्या खोलीत, मित्राकडून उसनी आणून ऐकली होती आणि ती त्याच्या यादीत पहिली असणार हे मला ठाऊक होते. "तू जन्मलीस त्याच आठवड्यात ती आली," तो म्हणायचा, जणू तेही एक कारण होते. मी ती सात वेळा ऐकली. दुसऱ्या बाजूच्या आरंभी जॉर्ज हॅरिसनचे जे गाणे आहे, ज्यात दिलरुबा, तबला आणि तानपुरा आहे आणि मधला वाद्यांचा भाग दहा मात्रांत फिरतो, ते मला मनापासून आवडले. शेवटच्या गाण्याअखेर अनेक पियानोंवर एकदम वाजवलेला स्वरमेळ विरत विरत जातो तेव्हा मी श्वास रोखून बसत असे. पण या दोन टोकांच्या मधली आणि आधीची काही गाणी मला रंगीत वेशभूषेसारखी वाटत राहिली. मी हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "तू स्टिरिओ ऐकलीस. त्यांनी स्वतः बसून घडवली ती मोनो. ती ऐक, मग बोल." त्याचे म्हणणे योग्य होते. मोनो आवृत्ती, जिच्यात डावा-उजवा असा भेद न करता सगळा आवाज एकत्र येतो, खरोखरच अधिक घट्ट आहे आणि आठवी वेळ सर्वांत आनंदाची ठरली. तरीही चौथा रकाना कोरा राहिला, आणि तो भरलेला आहे असे लिहिणे मला जमले नाही. दादा आठवडाभर फोनवर फक्त प्रकृतीची चौकशी करत होता.

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे दिवस आले आणि सगळे काम थांबले. पाच दिवस समोर बसून गाणे ऐकल्यानंतर कोणतीही तबकडी लहान वाटू लागते. आठ-दहा दिवस मी रेकॉर्ड प्लेयरचे झाकणसुद्धा उघडले नाही. याद्या आम्ही मुद्दाम २७ डिसेंबरला समोर ठेवायच्या ठरवल्या होत्या, कारण १९६७ साली त्याच तारखेला लेनर्ड कोहेनचा पहिला अल्बम आणि बॉब डिलनचा 'जॉन वेस्ली हार्डिंग' प्रसिद्ध झाले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या आरंभी कोणी आवडत्यांची यादी पक्की केली असती, तर हे दोन्ही तिच्याबाहेर राहिले असते. डिलन मी सोडला. कोहेन, जो तोवर कवी म्हणून प्रसिद्ध होता, आवाज न चढवता, शेजारच्या खुर्चीतून बोलावे तसा गातो, आणि तो माझ्या यादीत तिसरा आला.

दहाव्या जागेसाठी शेवटपर्यंत हेंड्रिक्स आणि सचिनदेव बर्मनांचा 'ज्युवेल थीफ' असे दोघे होते. हेंड्रिक्स ऐकून मी थक्क होत असे. पण पाच महिन्यांच्या मला आजीकडे सोपवून आई 'ज्युवेल थीफ' पाहायला गेली होती, आणि त्यातले शैलेंद्रांचे एकमेव गीत, जे त्यांच्या निधनानंतर पडद्यावर आले, ती अजून स्वयंपाकघरात पूर्ण म्हणते. त्या एका गाण्यासाठी म्हणून ती तबकडी घेतली असती तर माझाच नियम मोडला असता. म्हणून मी ती सलग तीन दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली, आणि चौथ्या दिवशी न ठरवताही लावली. मग दहाव्या जागेवर पेन्सिलीने लिहिलेले नाव शाईने गिरवले.

दोन्ही याद्यांत चार नावे सामाईक निघाली. दादाने माझी यादी दोनदा वाचली, 'सार्जंट पेपर' नसल्याबद्दल काही बोलला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याचे जन्मसाल घ्यायचे असे सुचवले. ते १९५५. आईने लगेच विचारले की मग त्यात गीतरामायण घेणार ना? ते पुण्याच्या आकाशवाणीवरून एप्रिल १९५५ मध्ये सुरू झाले, दर आठवड्याला नवे गाणे येत गेले आणि छप्पन्न गाण्यांनी ते संपेपर्यंत १९५६ चा एप्रिल उजाडला होता. त्याला अल्बम म्हणायचे का, आणि म्हटले तर वर्ष कोणते धरायचे, यावर त्या रात्री आमचे जेवण लांबले. दादाच्या मते सुरुवातीचे वर्ष धरावे, भाचीच्या मते शेवटचे. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती म्हणते, आम्ही ते कुठल्याच वर्षात ऐकले नाही, एका शुक्रवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंत ऐकले.